मोबदला

धोबीतलावला, लघुवाद न्यायालयाच्या कुंपणाशी
माझं मशीन. गोदरेजचं. 'ळ' अर्धाच उमटतो,
म्हणून मी टाइप केलेली प्रत्येक वंशावळ
शेवटच्या अक्षराला लंगडते.
स्टँपपेपरवर लोकांचे पूर्वज बसवतो:
मयत, मयत, अविवाहित मयत, हयात.
पणजोबाच्या वर कुणाला काही आठवत नाही.
"तिथे रेघ मारा," म्हणतात, "आणि पुढे चला."

सत्त्याऐंशी साली दिनाझ गझदर बाईंचा प्रबंध
मीच टाइप केला, इंग्रजी मशीनवर, पानाला दोन रुपये.
लोंबार्डांवरचा. म्हणजे लांबदाढे,
आल्प्स उतरून इटलीत शिरलेले.
बाई शेवटचं प्रकरण न्यायला आल्याच नाहीत.
कार्बन कॉपी डब्याच्या पिशवीत राहिली,
निळी, अजून बोटाला लागते.

त्यात एक वाल्दिमुंद.
आगोमुंदचा मुलगा, तो रोदिमारचा, तो हिल्दोआल्दचा,
आणि हिल्दोआल्द कुणाचा, तिथे बाईंनी
प्रश्नचिन्ह घालायला लावलं होतं.
(मी रेघ सुचवली होती.)

हा वाल्दिमुंद लढला कमी, बोलला फार.
फ्रँकांकडे तीनदा गेला, आवारांकडे दोनदा,
गेला तो हात हलवत नाही, आला तोही नाही.
आपल्या राजाच्या पोराचे केस
परक्या राजाकडून कापवून घेतले.
तिकडे केस कापणारा बाप होतो.
जावळ नव्हे, तह.

आणि त्यांचा कायदा: नुसतं दान टिकत नाही.
देणाऱ्याच्या हातात काहीतरी परत पडलंच पाहिजे,
हातमोजा, अंगठी, जुना का होईना झगा.
लाउनेगिल्ड म्हणायचे त्याला.
शेजारणीचं पातेलं रिकामं देऊ नये,
आई चिमूटभर साखर टाकायची, त्यातलंच.
फक्त त्यांच्या पातेल्यात कधी गाव असायचं,
कधी डोंगरातली खिंड.

शेवटच्या तहात वाल्दिमुंदाने लेक दिली.
कुणाला दिली, त्यावर दोन पानं आहेत.
बदल्यात काय आलं, तेही मोजून लिहिलंय:
खोगीर एक, चांदीचा पेला एक, कुत्रे दोन.
कुत्र्यांची नावं आहेत.

आज दुपारी मांजरेकर बंधू आले.
माझगावची चाळ पाडतायत. बिल्डरला हवी वंशावळ,
आणि बहिणीचं हक्कसोडपत्र.
थोरला गोड बोलतो. "आमच्यात वाद असा नाहीच, काका.
ताई स्वखुशीने देतेय."
ताई बाकड्याच्या कडेला. मांडीवर साडीची पिशवी,
किमतीची चिठ्ठी नखाने खरवडलेली,
तरी शेवटची दोन शून्यं वाचता येत होती.

मजकूर वाचून दाखवला, माझा नियम आहे:
'कोणत्याही मोबदल्याशिवाय...'
"तसं नको," ती म्हणाली.
"साडी मिळाली, ते लिहा. रंगही लिहा. शेवाळी.
मी जांभळी मागितली होती."

थोरला हसला, बेताने.
"असं लिहितात का हो?"
म्हटलं, नाही लिहीत.
धाकटा उगाच मोबाईल बघू लागला.
मी कागद काढला, नवा चढवला, दोन कार्बन घातले.
साडी एक, शेवाळी.
'ळ' नेहमीसारखाच.

मग वंशावळीत, जिथे मी तीस वर्षं
'मुलगी (१), विवाहित' एवढंच ठोकत आलो,
तिथे थांबून नाव विचारलं.
"माहेरचं की सासरचं?"
सांगाल ते.
ती विचार करत राहिली. मागे दोघं ताटकळत होते,
एकाला चार वाजताची तारीख.
"आडनाव नको," म्हणाली शेवटी,
"नुसतं द्वारका बसतंय का बघा."

बसलं.